धवल्याच्या चालीवर सातवीचा भूगोल

गोदा नाथा पाटील हिची व माझी ओळख पाण्याच्या रांजणाजवळ झाली. ठाण्यात मासुंदा तलावापासून थोड्या अंतरावर मुलींची एक शाळा होती. त्या शाळेत पाणी भरणे, वर्ग झाडणे आणि घंटा देणे ही कामे माझ्याकडे होती. देशाला स्वातंत्र्य मिळून काही वर्षे लोटली होती आणि आपल्याकडे अजून मुंबई राज्य होते. मला त्या वेळी अक्षर येत नव्हते. फळ्यावर जे लिहिलेले असे ते मी रोज ओल्या फडक्याने पुसत असे, परंतु काय पुसले हे मला कळत नसे. त्यामुळे शाळेत येणाऱ्या मुली आत बसून नक्की काय करतात, याविषयी मला फार कुतूहल होते.

गोदा खाडीपलीकडून येत असे. कळव्याच्या पुढे मिठागरांना लागून आगरी लोकांचे एक लहान गाव होते, तेथे तिचे घर. चौथीपर्यंतची शाळा गावात होती. पुढे शिकणारी त्या गावातील ती पहिली मुलगी. बांधावरून, मग रस्त्याने, मग कळव्याचा पूल ओलांडून ती चालत येई. शाळेत पोहोचली की प्रथम माझ्याकडे येऊन पायांवर पाणी मागे, कारण गुडघ्यापर्यंत चिखल असे आणि चिखलाच्या पायांनी वर्गात जाण्याची तिला लाज वाटे.

"मालनमावशी, जरा पानी घाला ना पायांव. नायतर सरोज म्हनंल, गोदा खारी होऊन आली."

सरोज ही तिच्या बाकावरची मुलगी. तिचे वडील सरकारी कचेरीत होते. मुलगी स्वभावाने वाईट नव्हती, पण जिभेने तिखट होती. गोदा दुपारी तांदळाची भाकरी व सुकट आणी. डबा उघडला की जवळच्या मुली नाक दाबून लांब सरकत. म्हणून ती माझ्या रांजणाच्या आडोशाला येऊन जेवे. एकदा सरोज तेथे पाणी प्यायला आली आणि म्हणाली, "गोदे, तुझ्या भाकरीचा वास भूगोलाच्या तासापर्यंत येतो गं."

गोदा म्हणाली, "येऊ दे. तुला तेवढाच समुद्र कलंल."

सरोज हसली. त्यानंतर ती कधी कधी मुद्दाम तेथे येऊन बसू लागली. सुकट मात्र तिने खाल्ली नाही.

मिठाचा हंगाम माघापासून पावसापर्यंत चालतो आणि परीक्षाही त्याच दिवसांत येते. सुट्टीच्या दिवशी गोदा आईबरोबर मिठाच्या पाट्या वाहत असे. सोमवारी शाळेत आली की तिच्या बोटांना चिरा पडलेल्या दिसत. चिरेत शाई गेली की झोंबते, असे ती सांगे. ती बोटांना चिंधी गुंडाळून टाक धरी. घरी रॉकेलची एकच चिमणी होती व ती चुलीपाशी लागे. म्हणून ती शाळा भरण्यापूर्वी येऊन मागच्या अंगणात चिंचेखाली अभ्यास करी.

तेथेच मी ते प्रथम ऐकले. मी वर्ग झाडत होते आणि चिंचेखालून गाणे येत होते. चाल संथ होती. प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज लांबत जाई आणि मग पुढची ओळ उचलली जाई. मी केरसुणी ठेवून खिडकीशी गेले. गोदा पुस्तक मांडीवर घेऊन डोळे मिटून म्हणत होती:

"पहिली नदी गो निघाली त्र्यंबकच्या डोंगरी,
उगवतीला चालली गो, दर्याची नवरी.
दुसरी नदी गो निघाली महाबळेश्वराच्या घरा,
कोयना तिची करवली गो, भेटली कऱ्हाडा…"

मी विचारले, "अगं, हे कोणत्या देवाचे गाणे?"

"देवाचं नाय मावशी, भूगोल हाय."

"भूगोल असा गातात?"

"बाकीच्या नाय गात. मना दुसरं काय येतच नाय." मग तिने मला समजावले. तिची आजी ठमाबाई ही धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात हळद, तेल, मांडव असे सारे विधी धवलारीण लावते व प्रत्येक विधीचे गाणे असते, त्याला धवला म्हणतात. ठमाबाईला अक्षर येत नव्हते. तरी सारे लग्न, पहिल्या विधीपासून शेवटापर्यंत, तिला पाठ होते. गोदा लहानपणापासून आजीच्या मागे बसून झील धरी. पाठ करायचे म्हणजे धवल्याच्या चालीवर बसवायचे, एवढी एकच रीत तिला ठाऊक होती. म्हणून तिने नद्या नवऱ्या केल्या, उपनद्या करवल्या केल्या. फुलाचे भागही त्याच चालीवर होते, इतिहासातील लढायाही. पहिली नदी गोदावरी, म्हणून सरोज तिला म्हणे, "स्वतःपासूनच सुरुवात केलीस होय!"

मला हे फार नवल वाटले. मी दररोज काम लवकर आटोपून खिडकीशी उभी राहू लागले. अशा रीतीने अक्षर न येताही कृष्णेला कोयना कऱ्हाडला मिळते हे मला कळले.

परंतु त्यात एक अडचण होती, ती वर्गात उघड झाली. शिकवणाऱ्या मंदाकिनीबाई शिस्तीच्या होत्या, पण मुलींवर माया करणाऱ्या होत्या. त्यांनी एकदा विचारले, "गोदा, नीरा कोणत्या नदीला मिळते?"

गोदा उभी राहिली. तिचे ओठ हलू लागले. पण आवाज येईना. बाई थांबल्या. मुली खुसखुसू लागल्या.

"अगं, बोल की! येतंय का नाही?"

"येतंय बाई. थांबा, मी आजून नाशकानच हाय."

सारा वर्ग हसला. बाईंनाही हसू आले असावे, कारण त्या फळ्याकडे वळल्या. मी त्या वेळी दाराशी घंटेची वाट पाहत उभी होते. बाईंनी नंतर तिला विचारले, "तू एकदम भीमेपासून का सुरू करत नाहीस?"

गोदा गंभीरपणे म्हणाली, "बाई, धवला मधून सुरू करत नाय. मधून केला की लग्नाला विघ्न येतं. आन सुरू केला तर अर्धा टाकीत पन नाय."

"हे लग्न नाही गं, हा भूगोल आहे."

"व्हय बाई," गोदा म्हणाली, पण तिला ते पटले नव्हते. तिची समजूत अशी खोल बसलेली होती की नीरेपर्यंत जायचे तर त्र्यंबकेश्वराहूनच निघावे लागे. आणि मनातल्या मनात म्हटले की ओळी गळत. ओठांतून थोडा तरी आवाज निघाल्याशिवाय तिला पुढची ओळ सापडत नसे.

ते सातवीचे वर्ष होते. सातवीची फायनल परीक्षा त्या काळी मोठी समजली जाई. ती उतरलेल्या मुलीला ट्रेनिंग कॉलेजात जाऊन प्राथमिक शाळेची शिक्षिका होता येई. मंदाकिनीबाईंनी गोदाचे नाव मनात धरले होते. पण फाल्गुनात तिचे वडील नाथा पाटील शाळेच्या फाटकाशी आले. अंगावर मिठाचे पांढरे डाग होते आणि ते आत यायला तयार नव्हते. बाई बाहेर गेल्या. मी फाटक उघडून धरले होते.

नाथा म्हणाले, "बाई, पोरीला दिवा गावचं स्थल आलंय. पोरगा चांगला हाय, बैल हायेत, होडी हाय. वैशाखात उरकतो म्हनतान."

बाई म्हणाल्या, "नाथाभाऊ, तिची परीक्षा चैत्रात आहे. ती पास झाली तर दोन वर्षांत मास्तरीण होईल. सरकारी पगार मिळेल."

नाथांनी मुंडासे काढून झटकले. मग म्हणाले, "ठीक हाय. पास झाली तर तुमी म्हनाल तसं. नापास झाली तर मी म्हनीन तसं. माझा सबुद."

ही गोष्ट मी गोदाला सांगितली तेव्हा ती पाय धूत होती. तिने तांब्या खाली ठेवला आणि विचारले, "एका विषयान गेली तरी नापास म्हनतान काय?"

मी म्हटले, "मला कसे ठाऊक?" आम्ही दोघी जाऊन बाईंना विचारून आलो. एका विषयात गेली तरी नापासच म्हणतात.

परीक्षेचे ठिकाण कल्याणला, एका दुसऱ्या शाळेत होते. परीक्षेच्या दिवसांत मुलींना पाणी द्यायला तेथे बाई हवी होती, म्हणून मंदाकिनीबाईंनी मलाही नेले. आम्ही सकाळी ठाण्याहून गाडीने गेलो. गोदाने नवे परकर-पोलके घातले होते व केसांत अबोलीचा गजरा होता. सरोज म्हणाली, "परीक्षेला चाललीस का लग्नाला?"

गोदा म्हणाली, "पास झाले तर परीक्षेला."

पहिल्या दिवशी इतिहासाचा पेपर होता. मी व्हरांड्यात घागर घेऊन बसले. वर्गात शांतता होती, फक्त टाकांची करकर ऐकू येत होती. थोड्या वेळाने त्या शांततेत मला ओळखीची चाल ऐकू आली. फार बारीक होती, पण होती. परीक्षेवर नेमलेले गुरुजी वयस्कर व चष्मा लावणारे होते. त्यांनाही ती ऐकू आली.

"कोण पुटपुटतंय?"

चाल थांबली. टाकही थांबला. काही वेळाने चाल पुन्हा सुरू झाली. गुरुजी सरळ गोदाच्या बाकाशी गेले.

"शेजारच्या मुलीला उत्तरे सांगतेस?"

"नाय गुरुजी! मी माझंच म्हनते."

"परीक्षेत म्हणायचं नसतं, लिहायचं असतं. ऊठ, इथे दाराशी येऊन बस. पुन्हा आवाज आला तर पेपर काढून घेईन."

ती दाराशी येऊन बसली. आता ती माझ्यापासून हाताच्या अंतरावर होती. तिने ओठ दातांनी धरून ठेवले होते. टाक कागदावर टेकवी, उचली, पुन्हा टेकवी. घंटा होईपर्यंत तिने थोड्याच ओळी लिहिल्या.

बाहेर आल्यावर मुली एकमेकींना उत्तरे विचारीत होत्या. सरोजने या वेळी काही थट्टा केली नाही. तिने आपला डबा गोदापुढे ठेवला. गोदाने तो घेतला नाही. ती मला म्हणाली, "मावशी, सगलं येत व्हतं. पन तोंड बंद केलं का सगलं तोंडातच रहातं."

दुसऱ्या दिवशी भूगोल होता.

मंदाकिनीबाईंना हे कळल्यावर त्यांनी मला गोदाबरोबर तिच्या घरी जायला सांगितले. घरच्यांनी तिला बोलू नये, जेवू घालावे व लवकर झोपू द्यावे, एवढा निरोप होता. दिवस मावळण्यापूर्वी आम्ही गावात पोहोचलो. ठमाबाई अंगणात मशेरी लावीत बसल्या होत्या. वय झालेले, दात थोडे उरलेले, हातात भरपूर बांगड्या. मी निरोप दिला आणि काय घडले तेही सांगितले, कारण विचारल्यावर खोटे सांगणे मला जमले नाही.

ठमाबाईंनी सारे ऐकले. मग नातीला म्हणाल्या, "मंग तू मधून का नाय सुरू केलास?"

"आजे, तूच सांगलंस ना, विघ्न येतं म्हनून."

ठमाबाई अशा हसल्या की त्यांना ठसका लागला. मी पाणी दिले. त्या म्हणाल्या, "अगो येरी! विघ्न-बिघ्न काय नाय येत. तुमी पोरी दोन ओळी शिकून खेलायला पलायच्या. पुरं शिकावं म्हनून सांगायचं तसं. माझ्या आयेनं मना सांगलेलं, मी तुला सांगलं."

गोदाने विचारले, "मंग तू स्वतः मधून म्हनतेस?"

"म्हनते तर! भट लवकर आला, घाई करायला लागला, का मी मधला धवला गालते. नवरा-नवरीला काय कलतं? आजपर्यंत माझं एक लगीन मोरलं नाय."

मला हे ऐकून मोठा अचंबा वाटला. गोदा मात्र रागावली होती. एवढी वर्षे ती प्रत्येक वेळी त्र्यंबकेश्वराहून निघाली होती, आणि ते केवळ मुलांना धाक घालण्यासाठी होते! ती म्हणाली, "आन तोंड बंद करून कसं म्हनायचं? त्याचा पन काय धाक हाय?"

त्यावर ठमाबाई गंभीर झाल्या. त्यांनी उजवा हात पुढे केला. एकदा ऐन लग्नात त्यांचा घसा बसला होता. बाकीच्या बायका गात होत्या, पण पुढे काय हे कोणाला नीट ठाऊक नव्हते. तेव्हा त्यांनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायला सुरुवात केली. एक पेर म्हणजे एक ओळ. बोट संपले की एक कडवे संपले. पुढची ओळ चुकली की त्या अंगठा जागीच दाबून धरीत व शेजारची बाई समजून घेई. "तोंड दमतं," त्या म्हणाल्या, "अंगठा नाय दमत. तुला हवी ती ओळ कुठल्या पेरावर बसवलीस ते ध्यानान ठेव. मंग तिथंच अंगठा ठेवायचा. पयल्यापासून कशाला चालायचं?"

गोदाने तेथेच नद्या बोटांवर बसवल्या. गोदावरी तर्जनीवर, कृष्णा मधल्या बोटावर, भीमा अनामिकेवर. पेरांना चिरा होत्या, म्हणून अंगठा हळू फिरवावा लागे. मी मध्येच विचारी, "कोयना?" ती अंगठा ठेवून सांगे. "नीरा?" पुन्हा सांगे. तिला स्वतःलाच ते खरे वाटेना. ती मला पुन्हा पुन्हा म्हणे, "आणखी इचारा मावशी." पण मला ठाऊक असलेल्या नद्या संपल्या होत्या.

परीक्षेत लिहिताना उजव्या हातात टाक असतो, हे मागाहून ध्यानात आले. म्हणून सकाळी गाडीत बसून तिने सारे डाव्या हातावर बसवले.

भूगोलाच्या पेपराला ती दाराशीच बसली, कारण गुरुजींनी तिची जागा तीच ठेवली होती. तिचा डावा हात मांडीवर होता आणि अंगठा चालत होता. आवाज नव्हता. टाक मात्र चालू होता. गुरुजींचे लक्ष त्या हाताकडे गेले. ते जवळ आले.

"मुठीत काय आहे? हात उघड."

तिने हात उघडला. मिठाने फाटलेला तळवा होता, दुसरे काही नव्हते.

"मग अंगठ्याने काय करतेस?"

"धवला म्हनते, गुरुजी."

"आवाज तर येत नाही."

"नाय गुरुजी. काल तुमी नको म्हनलात."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. ते तिच्या अंगठ्याकडे काही वेळ पाहत राहिले. मग खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी व्हरांड्यातून पाहत होते. त्यांचा स्वतःचा अंगठा बोटांवरून हळूच फिरत होता. ते काय म्हणून पाहत होते, हे कळण्याचा मार्ग मला नव्हता.

गोदाने पुरवणी मागितली. त्या वर्गात पुरवणी मागणारी ती पहिली.

यानंतर ती पास झाली. भूगोलात चांगले गुण पडले. इतिहासात, दाराशी बसवण्यापूर्वी लिहिले होते त्यावर, अगदी काठावर उतरली. पुढे तिने ट्रेनिंग पूर्ण केले, खाडीकाठच्या शाळांत पुष्कळ वर्षे शिकवले, आणि तिशी ओलांडल्यावर स्वतःच्या पसंतीने लग्न केले. त्या लग्नात ठमाबाईंनी एकही धवला गाळला नाही. निवृत्त झाल्यावर गोदाबाईंनी कळव्यात प्रौढांचा वर्ग घेतला. त्या वर्गात मी मुळाक्षरे शिकले. अजून मला जोडाक्षर आठवेनासे झाले की माझा अंगठा आपोआप बोटांवर जातो. गाणे माणसाच्या तोंडात असते, डोक्यात असते की हातात, याचा मला अद्याप उलगडा झालेला नाही. गोदाबाईंना विचारले तर त्या म्हणतात, "मावशी, मलाही नाही."

परंतु हे सारे इतके सरळ झाले नाही. निकालाच्या दिवशी काय घडले ते सांगितल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही.

नाथा पाटील त्या दिवशी शाळेत आत आले होते. मुलगी पास झाली हे ऐकून त्यांना आनंद झाला. त्यांनी माझ्यासमोर पेढ्याचा पुडा धरला. मग मंदाकिनीबाईंना म्हणाले, "बाई, एक अडचन झाली. पोरगी पास झाली ही बातमी दिव्याला गेली. आता ती मान्सं म्हनतान, सातवी पास सून आमाला लय पसंत हाय. आदी एक बैलगारी घेऊन येनार व्हते, आता वाजंत्री आननार हायेत. असं स्थल पुन्ना मिलंल का?"

बाई म्हणाल्या, "पण तुम्ही शब्द दिला होता."

"दिला व्हता. पन तवा मना कुठं म्हायती, पास झाल्यावर भाव वाढतो!"

बाई काही बोलणार होत्या, पण गोदा पुढे झाली. ती पहिल्यानेच वडिलांच्या समोर मान वर करून उभी होती. तिचा अंगठा स्थिर होता. ती म्हणाली, "बाबा, दिव्याच्या मान्सांना नाय म्हनून सांगा, आन मना ट्रेनिंगला पाठवा."

नाथांनी पेढ्याचा पुडा तिच्या हातात दिला आणि ते म्हणाले, "दिला सबुद तो दिला, दिव्याला मी नाय म्हनून सांगतो."